रोजमेळ की रोखेबाजार?

(बी. ए. तृतीय वर्ष, अर्थशास्त्र)

मानवाच्या गरजा अमर्याद असून त्या भागविण्याची साधने मर्यादित असतात, व या साधनांचे पर्यायी उपयोग होऊ शकतात, म्हणून निवडीचा प्रश्न निर्माण होतो. रॉबिन्स यांनी १९३२ साली मांडलेला हा विचार आपण सर्वांनी प्रथम वर्षाच्या परीक्षेत लिहून गुण मिळविलेले आहेत. मीही मिळविले. परंतु साधने मर्यादित म्हणजे काय, व पर्यायी उपयोग म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने यंदाच्या दिवाळीनंतर कळले. तेव्हा आमच्या घरातील बावीस हजार रुपयांचे काय करावे हे ठरविण्याचे काम वडिलांनी माझ्यावर सोपविले होते.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने आपल्या भागातील सोयाबीनची काय दशा केली ते सांगावयास नको. एरवी आमच्या रानात तीस क्विंटलच्या आसपास माल होतो, तो यंदा अकरा क्विंटल झाला, तोही डागी. हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झालेला होता. परंतु डागी मालाला तो कोण देणार? ४,०५० च्या दराने आलेल्या ४४,५५० रुपयांतून मळणी, गाडीभाडे, हमाली, तोलाई असे ७,५५० गेले. हरभऱ्याचे बी-खत व सणाचा खर्च यांत पंधरा हजार गेले. उरले ते बावीस हजार. दादा म्हणाले, "घरात मोबाईल कळतो तो तुलाच. तूच बघ आता."

सल्ला देणारे दोघे होते. वर्गातील एक मित्र म्हणाला, ऑनलाइन ब्रोकरकडे खाते उघड, पैसा पैशाला ओढतो. पुण्याला नोकरी करणारी माझी चुलत बहीण म्हणाली, "अरे, आधी बजेटचे ॲप घे. पैसा जातो कुठे तेच तुम्हाला माहीत नाही." तिने सुचविलेल्या ॲपची वर्षाची वर्गणी बाराशे रुपये होती. दोन्ही एकदम का करू नयेत, असे वाचक विचारतील. करता येतात. तथापि माझ्यापाशी फोन एक, अभ्यास सोडून उरणारा वेळ रोज अर्धा तास, आणि पैसे वर सांगितले तेवढेच. सुरुवात कशाने करावी हा प्रश्न शिल्लक राहतोच, व त्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम रोखेबाजाराविषयी. समभाग हा जुगार आहे अशी आपल्याकडे एक समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अफाट भाव आला असता १८६४-६५ मध्ये तेथे शेअरांचे जे वेड पसरले, त्यात बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर त्याच्या कैक पटींनी विकला गेला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि बाजार कोसळला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंदही त्यात सापडले. पुढे १८७५ मध्ये दलालांची रीतसर संघटना झाली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. १९९२ चे हर्षद मेहता प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मात्र व्यवस्थेत खरा पालट झाला. सेबीला १९९२ मध्येच वैधानिक अधिकार मिळाले, १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू झाले, १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी प्रमाणपत्रे जाऊन नोंदी डीमॅट रूपात आल्या, आणि २००० साली इंटरनेटवरून खरेदी-विक्री करण्यास परवानगी मिळाली. ज्या शिरूर अनंतपाळमधून शेअर घ्यावयाचा म्हणजे मोठ्या शहरातील दलालाची ओळख काढावी लागे, तेथे आज आधार व पॅन असले की बसस्टँडवर बसल्या बसल्या खाते उघडते.

या खात्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण अनेक मित्रांची येथेच गफलत होते. खाती वस्तुतः तीन असतात. पैसे बँकेत, सौदा ब्रोकरकडे, आणि समभाग डिपॉझिटरीकडे, म्हणजे सीडीएसएल अथवा एनएसडीएल यांच्याकडे. जानेवारी २०२३ पासून बाजारातील सर्व समभागांचा सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. ब्रोकर हा केवळ मध्यस्थ आहे, मालाचा धनी नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने कार्वी या मोठ्या पेढीला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली, ती ग्राहकांचे समभाग गैरमार्गाने वापरल्याच्या ठपक्यावरून. म्हणून ब्रोकरच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबून न राहता डिपॉझिटरीकडून थेट येणारे पत्रक उघडून पाहावे. ब्रोकरचा सेबीकडील नोंदणी क्रमांक तपासणे तर अगदी पहिले काम.

आता खर्चाचे गणित पाहू. समजा एखाद्याने २,००० रुपयांचे समभाग घेऊन ते २,१०० ला विकले. ब्रोकर प्रत्येक ऑर्डरला २० रुपये घेणारा असेल तर दलाली ४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७ रुपये २० पैसे. शेकडा दहा पैशांप्रमाणे दोन्ही वेळचा व्यवहार कर सुमारे ४ रुपये. विक्रीच्या वेळी डीमॅटमधून माल निघाल्याचे शुल्क करासह धरा १८ रुपये. किरकोळ मुद्रांक शुल्क वेगळे. म्हणजे शंभर रुपयांच्या नफ्यातील सुमारे सत्तर रुपये वाटेतच गेले. काही ब्रोकर समभाग घेऊन ठेवणाऱ्याकडून दलाली घेत नाहीत. त्यांच्याकडे हाच खर्च पंचवीस रुपयांच्या आत बसतो. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या लहान डीमॅट खात्याला, ते मूलभूत सेवा खाते असल्यास, वार्षिक शुल्क लागत नाही. थोडक्यात, लहान रकमेने वारंवार खरेदी-विक्री करणारा मनुष्य दुसऱ्याचे घर चालवितो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मी प्रथम वर्षाला असताना, २०२४ च्या उन्हाळ्यात, शिष्यवृत्तीचे ६,७०० रुपये ब्रोकरच्या खात्यात भरले. समभाग घेण्यासाठी नव्हे, ऑप्शन घेण्यासाठी. टेलिग्रामवरील एका गटात रोज सकाळी 'आजचा कॉल' येत असे व सायंकाळी नफ्याचे पडदे येत. ऑप्शन म्हणजे काय हे त्या वेळी मला कळत नव्हते. आता कळते, व ते आपल्या भाषेत सांगता येते. जमिनीच्या सौद्यात आपण इसार देतो. ठरल्या मुदतीत खरेदी केली नाही तर इसार बुडतो. ऑप्शन घेणारा हा इसार देणाराच असतो. फरक एवढाच की त्याची मुदत कित्येकदा दोनचार दिवसांची असते, जमीन त्याला कधीच नको असते, आणि भाव आपल्या बाजूने गेला नाही तरच नव्हे, तर नुसता जागच्या जागी राहिला तरी इसाराची किंमत रोज झिजत जाते. मी रोज इसार देत होतो. सात आठवड्यांनी खात्यात ३१२ रुपये राहिले.

६,३८८ रुपये गेले, त्यांपैकी बाजारात किती गेले व दलालीत किती, हे मी तेव्हा पाहिलेसुद्धा नाही. यंदा ब्रोकरकडून आलेली जुनी पत्रके काढून बेरीज केली. ऑर्डरी ४१, वीस रुपयांप्रमाणे ८२०, त्यावर कर १४७ रुपये ६० पैसे. एकूण ९६७ रुपये ६० पैसे नुसत्या दलालीपोटी. माझा अंदाज चूक की बरोबर याच्याशी या रकमेचा काहीही संबंध नव्हता. वसतिगृहाची खानावळ त्या महिन्यात कशी भागविली ते येथे लिहीत नाही. घरी मात्र अजूनही सांगितलेले नाही; हा अंक घरी गेल्यावर कळेल.

मी एकटाच मूर्ख ठरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, व एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. समभाग त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांविषयी जुलै २०२४ चा अभ्यास सांगतो की २०२२-२३ मध्ये दहांतील सात जणांना तोटा झाला. आणि अशा व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण २०१८-१९ मधील १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेलेले होते. हे अठ्ठेचाळीस टक्के म्हणजे आपणच, मित्रहो. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने साप्ताहिक ऑप्शनांवर मर्यादा घातल्या व सौद्याचे किमान आकारमान वाढविले. परंतु पुढील २०२४-२५ या वर्षीही तोटा होणाऱ्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. पर्जन्यमापकात पाऊस मोजता येतो, म्हणून पाऊस थांबत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. हिशेब ठेवणे ही काही परदेशातून आलेली गोष्ट नव्हे. व्हेनिसमध्ये १४९४ साली पाचोली यांनी दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली हे खरे; पण आपल्याकडेही मोडीतील किर्द, खतावणी, तेरीज यांची परंपरा जुनी आहे. किर्दीत रोजची आवक-जावक, खतावणीत प्रत्येक माणसाचे येणे-देणे. मराठवाड्याला तर एक अधिकची कसरत करावी लागे. निजामी राजवटीत येथे हाली शिक्का चालत असे व इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब असल्याने वहीत नाणे कोणते हेही लिहावे लागे. आमच्याच तालुक्यातील उजेड येथे जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. आपण तेथे पाळण्यात बसतो, भजी खातो. पण लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी पै-पैचा खर्च लिहून रोज रात्री शिल्लक जुळवीत असत, हे त्यांनी आत्मकथेत नोंदविलेले आहे, याची आठवण यात्रेत क्वचितच कोणी काढते.

संगणकावरील घरगुती हिशेबाची सॉफ्टवेअरे ही या किर्द-खतावणीचीच नवी आवृत्ती होय. अमेरिकेत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या इंट्यूट कंपनीचे क्विकन हे त्यांतील जुने व प्रसिद्ध. पुढे मोबाईल आला व बँकेचे संदेश वाचून खर्चाची आपोआप वर्गवारी करणारी ॲप्स निघाली. सोय मोठी आहे. परंतु दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे तुमचे सर्व संदेश वाचण्याची परवानगी तुम्ही कोणाला देता हे पाहावे लागते. दुसरी, ही सॉफ्टवेअरे दीर्घायुषी असतातच असे नाही. मायक्रोसॉफ्ट मनी २००९ मध्ये विक्रीतून गेले. मिंट हे लाखो लोक वापरीत असलेले सॉफ्टवेअर मार्च २०२४ मध्ये बंद झाले. आजोबांची १९७२ च्या दुष्काळातील वही आमच्या घरी अद्याप आहे, कडेने वाळवीने खाल्ली आहे एवढेच.

मी बहिणीच्या सांगण्यावरून ॲप एक महिना मोफत वापरून पाहिले. त्याने पहिल्याच दिवशी विचारले, तुमचे मासिक उत्पन्न किती? मी काय उत्तर देणार? आमचे उत्पन्न मासिक नसतेच. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, तूर जानेवारीच्या पुढे, हरभरा फेब्रुवारी-मार्चात, मध्ये पीएम-किसानचे दोन हजार. खर्च मात्र जूनमध्ये पेरणीला एकदम, शाळा-कॉलेजच्या फीला एकदम, उन्हाळ्यात लग्नकार्याला एकदम. ॲपने ऑक्टोबरात हिरव्या रंगात अभिनंदन केले असते आणि जूनमध्ये लाल रंगात धोक्याची घंटा वाजविली असती. आणि दोन्ही वेळा ते चुकले असते. नोकरदाराचे वर्ष पहिल्या तारखेपासून मोजले जाते, शेतकऱ्याचे मृगापासून. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या ध्यानात नाही याबद्दल त्याला दोष देत नाही, तो शिरूरला कधी आलेला नसावा.

दुसरी अडचण याहून मोठी. आठवडी बाजारातला खर्च रोखीचा, त्याचा बँकेचा संदेश येत नाही. आणि कृषी केंद्रातून जूनमध्ये बी, खत, औषध उधारीवर येते, त्या दिवशी पैसे हललेच नाहीत म्हणून ॲपच्या लेखी काही घडलेच नाही! खतावणी मात्र येथे चुकत नाही, कारण तिच्यात माणसाचे पान असते. अखेर मी ॲप काढून टाकले, व फोनमधील साध्या तक्त्यात दोन पाने केली. एकात रोजमेळ, दुसऱ्यात देणी-घेणी. महिन्यांऐवजी वर्षाचे तीन भाग पाडले. फुकट झाले. दर रविवारी त्याची एक प्रत बहिणीला पाठवितो, फोन बिघडला तर असावी म्हणून.

हिशेब लिहावयाचा म्हणजे घरातल्यांना विचारावे लागते, आणि त्याचे सुद्धा एक शास्त्र आहे. दादांनी आठवेल तेवढे सांगितले. आजीने माझी आकडेमोड बघून विचारले, "लेकरा, किती आले ते सगळे सांगत्यात. राहिले किती?" आईला विचारले तेव्हा ती भाकरी थापत होती. तेलमीठ, दळण, दवाखाना, सगळे तिने तोंडपाठ सांगितले. शेवटी म्हणाली, बचत गटात महिन्याला शंभर जातात. मी लिहू लागलो तर म्हणाली, "ते लिहू नको बाबा. ते माझं हाय." मी खोडले. घराचे अंदाजपत्रक शंभर टक्के पारदर्शक असावे असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसले तरी माझी तशी समजूत होती. ज्या बाईच्या नावावर रान नाही, बँकेत स्वतःची म्हणावी अशी रक्कम नाही, तिची ही एवढी जागा मीही फोनमध्ये ओढून घ्यावी काय?

या नोंदींतून जे निघाले त्यासाठी आमच्यापैकी कोणाचीच तयारी नव्हती. कृषी केंद्राची उधारी व्याजासह १४,००० रुपये झालेली होती, व तिच्यावर शेकडा दोन रुपये महिना व्याज चढत होते. दोन टक्के ऐकावयास किरकोळ वाटतात. महिन्याला २८० रुपये, वर्षाला ३,३६०. म्हणजे वार्षिक चोवीस टक्के. पीककर्जाचे तसे नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र व राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते, त्यामुळे ते मुदतीच्या आधी फेडण्याची घाई करण्यात अर्थ नसतो. दोन्ही देणीच, पण एक पेंढीत ठेवलेला निखारा आणि दुसरी राख. वहीत दोन पाने वेगळी केल्यावाचून हे दिसत नाही.

आता चोवीस टक्के हा आकडा घेऊन पुन्हा रोखेबाजाराकडे जाऊ. सेन्सेक्सचे मूळ वर्ष १९७८-७९, तेव्हाचा अंक १००. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५,००० वर पोहोचला. सुमारे पंचेचाळीस वर्षांत ८५० पट. चक्रवाढीने मोजले तर, लाभांश सोडून, वर्षाला शेकडा सोळाच्या आसपास पडतात. हा देशातील निवडक कंपन्यांचा, शिखरावर मोजलेला हिशेब आहे. वाटेत जानेवारी २००८ मधील एकवीस हजारांवरून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हाच निर्देशांक आठ हजारांच्या घरात आलेला होता. म्हणजे पंचेचाळीस वर्षे कळ काढणाऱ्यास सोळा, तेही अनिश्चित. आणि दुकानदाराची उधारी फेडणाऱ्यास चोवीस, तेही त्याच क्षणापासून निश्चित. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढी वजाबाकी यावी.

मित्राने यावर जो आक्षेप घेतला तो मला वजनदार वाटतो, व येथे नोंदविला पाहिजे. तो म्हणाला, हिशेब लिहून पैसा वाढत नाही. बरोबर आहे. बचत खात्यावर मिळणारे व्याज महागाईपुढे टिकत नाही, आणि उद्योगांची मालकी पुण्यामुंबईच्या लोकांनी घ्यावयाची व मराठवाड्याने तेथे हमालीला जावयाचे, हे कधीतरी बदलले पाहिजे. आमच्या सरांचेही मत काहीसे असेच आहे. उधारी नसलेल्या, एका हंगामाचा खर्च बाजूला पडलेल्या घराने ब्रोकरकडे जरूर जावे, चांगल्या कंपन्यांचे समभाग घेऊन ठेवावेत. म्युच्युअल फंडात तर डीमॅट खात्याशिवायही महिन्याला पाचशे रुपयांपासून सुरुवात करता येते. माझे म्हणणे एवढेच की आपण त्या रांगेत कितवे आहोत हे वही सांगते, ब्रोकर सांगत नाही. तो सांगणारही नाही, त्याचे पोट ऑर्डरीवर आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादा व मी मिळून कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने पान काढले, चौदा हजार मोजून घेतले व नावावर आडवी रेघ मारून 'बेबाक' लिहिले. पुढच्या जूनला माल रोखीने घेतला तर किती सूट देणार, असे दादांनी त्याला विचारले. हा प्रश्न त्यांनी यापूर्वी कधी विचारला नव्हता. उरलेले आठ हजार पेरणीसाठी बँकेत आहेत. ब्रोकरकडचे खाते मी बंद केलेले नाही. त्यात ३१२ रुपये तसेच आहेत, व खतावणीत त्याला मी एक स्वतंत्र पान दिले आहे.